गाडीला बादली, मला फुलपात्र

आमचे आबा जन्मभर मेंढरांमागं फिरले. किडन्या गेल्यावर मेंढरं विकली आणि लोकर कातायची चाती तेवढी ठेवून घेतली. ओट्यावर बसून ते काळी लोकर कातायचे. दर अमावस्येला त्यातला एक दोरा पिळून माझ्या गाडीच्या पुढच्या जाळीला बांधायचे, नजर लागू नये म्हणून. मी शाळेत शिकवतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण म्हाताऱ्याच्या हाताला काम आहे, असू दे, म्हणून मी कधी अडवलं नाही.

आम्ही गेवराईजवळच्या खेड्यात राहतो. आठवड्यातून दोनदा आबांना डायलिसिससाठी बीडला न्यावं लागतं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. दिवसभराचं पाणी एका लहान बाटलीत भरून ती माझ्या ताब्यात असते. ज्या माणसानं ओढ्यावर ओणवं होऊन पोटभर पाणी प्यायलं, त्याला मी फुलपात्रात दोन-दोन घोट ओतून देतो. हे काम मला मनापासून नको वाटतं.

अशात एप्रिल लागला आणि गाडीचा एसी गरम हवा मारायला लागला. रस्ता मोकळा असला, गाडी पळत असली, की जरा गार यायचं. वाळूच्या हायवा ट्रकमागं अडकलो की आत भट्टी. खरं तर रोग तिथंच कळायला हवा होता, पण मला धीर कुठला. आमच्याकडं एसी गार लागेना म्हटलं की शेंबडं पोरही सांगतं, गॅस संपला. मी बीडच्या एका गॅरेजवर गेलो आणि हुकूमच सोडला, "गॅस भरा." तो बिचारा म्हणाला, आधी बघू तर द्या. मी म्हणालो, बघायचं काय त्यात? त्यानं भरला. दोन खेपांनंतर पुन्हा तेच. मग मी भेटेल त्याला सांगत सुटलो, की तो गॅरेजवाला चोर आहे.

त्या उन्हात आबांचे ओठ सुकून जायचे. "घोटभर दे की रं." मी समोर बघत गाडी चालवायचो. एकदा त्यांनी तिसऱ्यांदा मागितलं आणि माझा तोल गेला. "मरायचंय का तुमाला?" असं मी माझ्या बापावर ओरडलो. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायची आमच्यात रीत नाही.

रविवारी गेवराईतल्या एका जुन्या मिस्त्रीकडं गाडी नेली. घरी करमत नाही म्हणून आबाही आले आणि लिंबाखाली बाजेवर टेकले. मी उतरतानाच म्हणालो, "मिस्त्री, गॅस गळतोय."

"सर, औषद बी तुमीच सांगायचं तर डाक्टर कशाला पायजे?" मिस्त्री हसला. त्यानं गाडी उभ्या जागी चालू ठेवली, बॉनेट उघडलं, दोन नळ्या हातानं चाचपल्या. मग कोपऱ्यातली पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि पुढच्या जाळीतून सगळं पाणी आत मारलं. आतून वाफ आली. "आता हात धरा."

मी आत बसून हात धरला. दोन मिनिटांत गार वारा.

"गॅस भरपूर हाय," मिस्त्री म्हणाला. "ह्या जाळीमागची एसीची जाळी गार झाली तरच आत गार येतंय. तिला वाराच न्हाई. गाडी पळती तवा वारा लागतो, थांबली की न्हाई. हितला पंखा बंद हाय."

आबा बाजेवरून रिकाम्या बादलीकडं बघत होते. "गाडीला बादली," ते म्हणाले, "आन् मला फुलपात्र." मिस्त्री खळखळून हसला. मला हसू आलं नाही.

जाळी काढली तेव्हा आतल्या लहान पंख्याच्या दांड्याभोवती काळी गुंडाळी घट्ट बसलेली दिसली. लोकर. कित्येक अमावस्यांची. टोकं आत ओढली जाऊन पंखा जाम झाला होता आणि फ्यूज उडाला होता. मिस्त्रीनं ब्लेडनं कापून ती गुंडाळी माझ्या हातावर ठेवली. चोर सोडून मी संन्याशाला फाशी देत हिंडत होतो.

राग पुन्हा उसळला. मी गुंडाळी तशीच आबांपुढं धरली. "हे बगा. तुमचा दोरा."

त्यांनी ती घेतली, बोटांनी उलगडून बघितली. आपलं कातकाम त्यांना ओळखू आल्याशिवाय राहतं का. मग ते हळूच म्हणाले, "म्हंजी माजी तहान म्याच बांदलती म्हण की."

माझा राग तिथंच विझला. नवा फ्यूज बसला, पंखा फिरला. परत येताना गेवराईतल्या गर्दीत बराच वेळ अडकलो, तरी आत गार होतं. आबांनी मागच्या सीटवरचं घोंगडं मागून घेतलं. पाणी मागितलं नाही.

पुढची अमावस्या आली. सकाळी आबा नवा दोरा घेऊन गाडीपाशी उभे होते. दरवेळेस न विचारता वाकणारा माणूस, आज माझी वाट बघत होता.

"कुटं बांदू? तूच सांग."

शेकडो मेंढरं एका शिट्टीवर वळवणाऱ्या माणसानं मला असं विचारावं, हे मला सहन झालं नाही. मेंढरं गेली होती, पाणी माझ्या ताब्यात होतं. "आबा, तुमी बांदता तितंच बांदा," मी म्हणालो.

त्यांनी तो जाळीलाच बांधला. आता बीडला निघायच्या आधी मी कात्री घेऊन गाडीपुढं वाकतो, दोऱ्याची लोंबती टोकं गाठीपर्यंत छाटतो, आणि मग आबांची बाटली भरतो.