शेवटच्या कार्डावरचं कुंकू

नरसय्याअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी शेंगा सोलत होते. निरोप घेऊन आलेल्या शेजारणीला मी ‘बरं’ म्हणाले आणि उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या... त्याला पाच आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही. दात काढताना हिरडी बधिर करतात, तसं काहीतरी झालं आहे.

सोलापुरातल्या आमच्या गिरणीत कॉम्प्युटर आला, तेव्हा गणिताची पदवी बघून मला प्रोग्रॅम लिहायला घेतलं आणि मशीन चालवायला अण्णांना. त्यांच्या घरी माग, बोली तेलुगू. चादरीची नक्षी ज्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांवर चालते, ते त्यांच्या लहानपणापासून हातातले. त्यामुळे मशीनला माहिती पुरवणारी आमची भोकं पाडलेली कार्डं बघून सगळा स्टाफ बिचकला, अण्णा तेवढे बिचकले नाहीत.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. सुताच्या साठ्याच्या कार्डांचा गठ्ठाही पुढ्यात ठेवला आणि वरच्या कार्डाला मी ओलं कुंकू लावलं. दसऱ्यानंतर पहिल्याच दिवशी त्या साठ्याचा हिशेब करणारा माझा प्रोग्रॅम अडकला. दिवे लागलेले, छपाई बंद, मशीन हूं की चूं करेना. साहेब म्हणाले, हाताळणीचा दोष आहे. ज्याच्यामुळे झालं असेल, तो या खोलीत राहणार नाही. प्रोग्रॅम वर्षभर बिनचूक चालला होता, म्हणून मीही मनात अण्णांनाच दोषी धरलं होतं.

अण्णांनी मला पॅनेलसमोर बसवलं. “बाई, तुमी लिवा, मी बोलतो.” तिथं एक खटका होता. तो फिरवला की दर बटणाला प्रोग्रॅम एकच पाऊल पुढे जाई आणि त्या पावलाचा आकडा दिव्यांत उमटे. अण्णा बटण दाबत, दिवे वाचून आकडा तेलुगूत सांगत, कारण मोजणी त्यांना त्याच भाषेत जमे. तेवढे तेलुगू आकडे मला येत, मी लिहून घेई. दीड-दोनशे पावलं झाली आणि माझा हात थबकला. तेच अकरा आकडे परत आले होते. मग पुन्हा तेच.

“हितंच फिरतंय की ते,” अण्णा म्हणाले. मी प्रोग्रॅमच्या कागदावर ती जागा शोधली. शेवटचं कार्ड आलं की थांबायचं, पण शेवटचं येऊन गेलं हे मशीनला कळलंच नव्हतं. ते पुढच्या कार्डाची वाट बघत बसलं होतं. अण्णांनी ते शेवटचं कार्ड काढून उजेडात धरलं. ‘हे शेवटचं’ असं मशीनला सांगणाऱ्या खुणेच्या भोकात कुंकू वाळून बसलं होतं. आमच्याकडे गठ्ठा पालथा ठेवतात, वर दिसतं ते शेवटचं कार्ड. मला हे पक्कं ठाऊक होतं, पण पूजेच्या गडबडीत वरचं ते पहिलं, असं धरून मी बोट टेकवलं होतं.

साहेब दारात आले. मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, “कुंकू सायेब. माझ्या हातनं लागलं.” त्या ऑफिसात मी एकटीच बाई, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. लाज वाटली, पण मी गप्प राहिले. सोमवारपासून अण्णांची बदली कताई खात्यात झाली.

तिथल्या कापसाच्या धुळीत त्यांनी चार वर्षं काढली. आधी खोकला, मग धाप... फाटकापाशी भेटले की विचारायचे, “मशीन बरं हाय न्हवं?” मी म्हणायचे, बरं आहे. दर वेळी ठरवायचे, आज साहेबांना सांगून टाकू. मी कायम झाले, पगार वाढला, तरी आजचं उद्यावर गेलं ते गेलंच.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई चहा गाळत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

“म्हाईत हाय की. त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. मी लई भांडले. तर म्हणाले, बाई सांगतील सायबाला, थोडं थांब.” कप माझ्यापुढं सरकवून त्या म्हणाल्या, “कामावरनं आले की मी रोज विचारायची, बोलल्या का बाई? पुढं पुढं विचारायचं सोडलं.”

समोर खुंटीवर अण्णांचा शर्ट होता. धुतलेला होता, तरी बाहीच्या शिवणीत कापसाचे तंतू अडकलेले दिसत होते. मी त्याच्याकडे बघत चहा पिऊन संपवला.