डोक्यातला फुगा आणि मिश्री

आमच्या दुकानामागच्या खोलीत मी डाळ पाखडत होते. कुणी डोक्यात वरवंटा घालावा तसं दुखलं. पुढचं आठवत नाही.

डोक्यातल्या शिरेला आलेला फुगा फुटला होता. हैदराबादच्या दवाखान्यात मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेली आणि प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी फुग्यात भरली. डोकं उघडावं लागलं नाही. ही रीत तेव्हा नवीनच आली होती. चार वर्षं आधी आजारी पडले असते तर हे लिहायला मी नसते.

घरी सोडताना डॉक्टरांनी हिंदीत समजावलं. फुग्याचं तोंड रुंद आहे. रक्ताच्या धक्क्याने तार आत दाबली जाऊन तो पुन्हा रक्ताने भरू शकतो. तोंड रुंद असणं आपल्या हातात नाही, पण रक्तदाब आणि तंबाखू आहे. मग विचारलं, तंबाखू, बिडी काही?

हे ताठ उभे राहून म्हणाले, “आमच्या घरात कुणाला व्यसन न्हाई, साहेब. आमी लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारी माणसं.”

मलाही ते खरंच वाटलं. सासूबाई मागून म्हणाल्या, “अन् सकाळ-संध्याकाळ मिश्री कोण घासतंय? तुझा बाप?”

“मिश्री म्हंजी तंबाखू हाय का, आई?”

“मग तव्यावर मी काय साखर भाजते?”

डॉक्टरांना मिश्री ठाऊक नव्हती. निजामाच्या राज्यात वाढलेल्या सासूबाईंनी हिंदीत सांगितलं, तंबाखू काळा होईस्तोवर भाजायचा, कुटायचा, दातांना घासायचा. डॉक्टर म्हणाले, जळला तरी तंबाखूच. आजपासून बंद. सहा महिन्यांनी डोक्यातल्या शिरांचा पुन्हा फोटो काढू, तेव्हा फुगा भरला की नाही ते कळेल.

आमच्याकडे सकाळी सगळ्या बायका ओट्यावर मिश्री लावत बसतात. मीही बसायचे; आता मला बाहेर जायचीच भीती वाटे. सासूबाई तर लहानपणापासून लावायच्या. हैदराबादहून घरी आल्या आल्या त्यांनी स्वतःचा डबा उकिरड्यावर रिकामा केला.

“वास ऱ्हायला तर तुझं बोट जाईलच तिकडं,” म्हणाल्या.

मग कित्येक दिवस गिऱ्हाइकांवर खेकसत होत्या. मला म्हणायच्या, “तुझ्या डोक्यापायी माझं तोंड बेचव झालं बघ.” पण मिश्री पुन्हा आणली नाही. दाबाची गोळी हातावर ठेवून मी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

सहा महिन्यांनी फोटो निघाला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून बघितला. फुग्याच्या तोंडाशी थोडं रक्त जातं, पण तार भरल्यावर जात होतं तेवढंच, वाढलेलं नाही, असं ते म्हणाले. पुन्हा तार भरायची गरज नाही. मात्र दर वर्षी दाखवायला यायचं. ह्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

आमच्या गावी, घाटनांदूरला, गाडीतून उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आता भाकरी तू थाप. लई दिवस मी थापल्या.”

मी पदर खोचला. चुलीपुढे बसायला इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.