हेलिपॅडवर मळी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या मैदानावर मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरणार होतं. हेलिपॅड माझ्याकडे. पात्रता एवढीच, की जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानात बसून मी एकदा फोटो काढला होता.

चुन्याचा गोल आखला, मधे भलामोठा एच काढला. राहिली धूळ. ती बसवायला पाणी मारा, असा चेअरमनसाहेबांचा हुकूम. पाणी म्हणजे कामगारांच्या चाळीसाठी माजलगावहून आलेला एकुलता एक टँकर. हेलिकॉप्टर जाईस्तोवर तो हलवायचा नाही, असंही त्यांनी बजावलेलं. टँकरपुढे वॉचमनची बायको पदर खोचून उभी.

"भाऊजी, लई दिसांनी पाणी आलंय. लेकरं तहानलेली आन् तुमी मातीला पाजताव व्हय?"

तिचं पटलं. पण धुळीचं काय? तेवढ्यात मला मळीची टाकी आठवली. मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा, दाट पाक. पिंपं भरभरून मैदानावर ओतली. पाणी वाचलं, मैदान आरशागत चमकायला लागलं. आता आपल्याला अवकाशयानवालेच न्यायला येणार, असं मला वाटू लागलं.

"धूळ उठंल का बे?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"धुळीच्या बापानं उठून दाखवावं, साहेब!"

धूळ उठली नाही. मळी उठली. पंख्याच्या वाऱ्यानं शिंतोडे उडाले, शेजारच्या ढिगातला उसाचा भुसा भिरभिरला, आणि हेलिकॉप्टर टेकलं तेव्हा त्याच्या काचेला दाढी आलेली. मंत्री उतरले, पाय पुढे, चप्पल मागे. स्वागताला धावलेले चेअरमनसाहेबही अनवाणी. हार तेवढा गळ्यापर्यंत पोचला, तोही माश्यांसकट.

भाषणं आटोपली. पायलट म्हणाला, "काच साफ झाल्याशिवाय उडणार नाही."

"अख्खा टँकर वता!" चेअरमनसाहेब माझ्यावर ओरडले.

"वहिनी..." मी हात जोडले.

"एक हंडा देते, फडकी आमची. पण मला ह्या भिंगरीत बसवा."

पायलट हसून 'या ताई' म्हणाला. चाळीतल्या बायांनी ओल्या फडक्यांनी काच लख्ख केली. वहिनी आत ऐसपैस बसली. खाली उन्हात मंत्री एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते.

"उडवू का, ताई?"

"नगं बाबा, पाणी भरायचं हाय." मग खिडकीतून माझ्यावर डाफरली, "काय बघताव भाऊजी? टँकर न्या की चाळीत!"

या वेळी चेअरमनसाहेबांनी अडवलं नाही, ते मळीतून आपल्या चपला उपटत होते. मी तडक निघालो. बूट मात्र एचच्या कडेला मळीत तसेच उभे राहिले.