लुआंडाची हवा

दारावरची पाटी दोनदा बदलली. आधी वसाहतींचं खातं, मग समुद्रापारच्या प्रांतांचं, आणि क्रांतीनंतर तिसरंच काहीतरी लांबलचक. पाट्या रंगवण्यात लिस्बनच्या साहेबांचा हात कोण धरणार! टेलिफोनच्या लाइनी जोडायच्या फळीपुढे मात्र पहिल्यापासून सिदालियाच बसायची.

रोज सकाळी समुद्रापारच्या वसाहतीतल्या लुआंडाची लाइन तपासायची एक रीत होती. ती विचारी, "हवा कशी?" पलीकडून तिथला ऑपरेटर अबीलिओ सांगे, "ऊन," किंवा "ढगाळ." खासगी शब्द काढायला बंदी. कित्येक वर्षं त्या दोघांचं एवढंच बोलणं. पण नुसत्या आवाजावरून तिला त्याची सर्दी कळायची.

पंचाहत्तर साली लुआंडात गोळीबार सुरू झाला. गोरी माणसं मिळेल त्या विमानानं पळत होती. तिथे राहणारी सिदालियाची बहीण झुल्मिरा मात्र "होईल शांत" म्हणत बसली आणि शेवटी विमानात जागाच उरली नाही.

त्या सकाळी साहेब किंतेला तिच्या पाठीशीच उभे होते. "हवा कशी?" तिनं विचारलं.

"धूर आहे," अबीलिओ म्हणाला.

"अबीलिओ, माझी बहीण तिथे अडकलीय. मिशनच्या शाळेत आहे, झुल्मिरा नाव."

"दोना सिदालिया! खासगी बोलताय?" साहेब गरजले.

"हो, बोलतेय. काढा मला खुर्चीवरून! बसा तुम्ही फळीवर!"

पलीकडे धाडधाड आवाज झाला. "बघतो," एवढं ऐकू आलं आणि लाइन तुटली.

पुढचे दिवस ती लिस्बनच्या विमानतळावरच होती. उतरणारा एकेक चेहरा बघून तिचे डोळे दुखायला लागले. अखेर झुल्मिरा दिसली, हातात नुसती उशी घेऊन. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

"एक टकला माणूस शाळेत आला गं," झुल्मिरा म्हणाली. "स्वतःचा विमानाचा पास माझ्या हातात कोंबला. म्हणाला, ताईंना सांगा, आज ऊन आहे."

तुटलेली लाइन पुन्हा जोडली गेली तेव्हा दारावरची पाटीही उतरवून झाली होती. सिदालियानं घाईघाईनं लुआंडा लावलं. कुणी तरणा आवाज बोलला.

"अबीलिओंना द्या," ती म्हणाली.

"इथे कुणी नाही त्या नावाचं. चौकशी करतो हवं तर. आडनाव सांगा, बाई."

सिदालियाला ते माहीत नव्हतं.