मास्तरांची पंधरा मिनिटं

केनवडच्या पोस्टातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे होतं आणि आमचे पोस्टमास्तर मेले तरी ते मागे करत नसत. कोणी सांगितलं तर चष्म्यावरून बघायचे. "सरकारी घडी हाये. तुमीच मांगं रायले असान."

गावात फोन एकच, तो या पोस्टात, आणि बारा ते तीन बंद. मुंबईच्या कचेऱ्या साडेदहाला उघडत, ट्रंक कॉल लागायला तास जाई. म्हणजे मुंबई आणि केनवड एकमेकांशी बोलणार जेमतेम अर्धा तास. त्यातला निम्मा मास्तरांचं घड्याळ गिळायचं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी बौद्धवाड्यातली पहिली मॅट्रिक मुलगी. मुंबईच्या एका कंपनीला फोनवर बसायला मुलगी हवी होती. आवाज ऐकूनच घेणार होते. गुरुवारी बाराच्या आत माझ्या नावाने कॉल येणार होता. मी दहापासून बाकावर बसले. पावणेबाराची रिसोडची एसटी आली, मास्तरांच्या घड्याळात बाराचे ठोके पडले, त्यांनी खिडकी लावली. लगेच आत घंटी वाजली.

"मास्तर, माहाच हाये! उचला नं!"

"बारा वाजले. वाजू दे, थकली का चूप बसते."

त्यांनी डबा उघडला. घंटी आणि त्यांचं भाकरी चावणं, दोन्ही मला बाहेर ऐकू येत होतं. नोकरी गेली.

महिनाभराने त्याच माणसाने मला हाताखाली घेतलं. "आवाज खणखणीत हाये तुहा. त्या दिशी खिडकीतून आयकला ना." असं तोंड वर करून म्हणाले! मेल्याचा गळा धरावासा वाटला. पण शिकवलं जीव ओतून. डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवायचे, जे तेव्हा गावात फार जण करत नव्हते. "साहेब असो का शेठ, दबून बोलू नोको. समोरचा बहिरा हाये असं समज." सांगायला लाज वाटते, पण बापाइतका जीव लावला मी त्यांना.

ते निवृत्त झाले, खुर्ची मला मिळाली. घड्याळाला मी हात लावला नाही.

वर्षभरात त्यांचा एकुलता मुलगा मुंबईच्या दवाखान्यात पडला. दुपारी ऑपरेशन होतं. त्याआधी, बाराच्या आत, तो बापाशी बोलणार होता. मास्तर त्याच बाकावर येऊन बसले. एसटी आली. ठोके पडले. मी खिडकी लावली आणि घंटी वाजली.

"उचल नं, माय. एकडाव."

"सरकारी घडी हाये, मास्तर," मी म्हटलं आणि डबा उघडला.

संध्याकाळी फोनवरून तार आली. मीच लिहून घेतली, मीच त्यांच्या घरी नेली. मास्तरांनी वाचली. पावतीवर सही केली आणि वेळेच्या रकान्याशी पेन थांबवलं.

"टाइम कोन्ता लिवू?"

मी पोस्टातलाच सांगितला.