गालावरचा हात

सुट्टीच्या दिवशी मी दुबईतल्या करामाहून बसने अबुधाबीच्या संग्रहालयात गेले होते. एका जुन्या फ्रेंच तैलचित्रात एक तरुणी गालाला हात लावून विचारात बसली होती. शेजारी एक मराठी गृहस्थ येऊन उभे राहिले. मागे त्यांची बायको. गृहस्थांचा गॉगल कपाळावर चढवलेला, आणि चित्रांकडे बघायचं ते भाड्याचा फ्लॅट बघायला आल्यासारखं.

"गालाला हात लावून बसलीय," ते म्हणाले. "अशाने अवदसा येते. मॅडम, असलं चित्र घरात लावू नये." मी त्यांना काही विचारलं नव्हतं. मग बायकोला म्हणाले, "यल्ला, चल."

बायको हलली नाही. चित्राकडे बघता बघता तिचाही हात गालाशी गेला. गृहस्थांनी मोबाइलमधून मान वर न करता तो खाली ओढला, चालू राहिलेला दिवा बंद करावा तसा. हात कुठे असेल हे त्यांना बघावंही लागलं नाही.

ते पुढच्या दालनात गेल्यावर मी समोरच्या बाकावर गालाला हात लावून बसले. परत येताना बायको मला बघून थांबली. गृहस्थही थबकले. हा हात ओढायची त्यांना सोय नव्हती.