दगूबाईची डिश

सारंगखेड्याच्या आमच्या गल्लीत टीव्हीचं चित्र गेलं, तर मिस्त्रीला कोणी बोलावत नाही. दगूबाईला हाक मारतात.

ही बाई शाळेत दोनच वर्षं गेली. नवरा वारला त्याच उन्हाळ्यात वादळाने घरावरची डिश फिरली. शहाद्याचा मिस्त्री ‘येतो, येतो’ म्हणत आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी दगूबाईने पदर खोचला, पाना घेतला आणि जिना चढली. खाली पडद्यासमोर शेजारीण तापीबाई बसली. चित्र आलं का, म्हणून वरून हाक, "ऊनं का वं?" खालून उत्तर, "नही ऊनं!" असं दुपारभर चाललं. चित्र आलं, त्या दिशेला तिने स्लॅबवर गेरूची रेघ ओढली. तेव्हापासून वारा येवो की माकडं, डिश पुन्हा त्या रेघेवर येते. पावसाने रेघ पुसते; दिवाळीला ती नवी ओढते.

यंदा घोड्यांच्या यात्रेला तिचा मुलगा ललित सुरतहून आला, तो मोठा पातळ टीव्ही घेऊन. जुना ठोकळा खाटेखाली गेला. डिश काढून त्याने गोठ्यातल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवली, आईला न विचारता. दोन दिवस घराचं थिएटर झालं.

"दगू, आते तुन्ही नोकरी गई वं!" तापीबाई म्हणाली. टीव्ही बघायला जमलेल्या बाया हसल्या. दगूबाई हसली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ललित सुरतेला गेला. संध्याकाळी बाया येऊन बसल्या, तर पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. तिने फोन लावला.

"माय, नेट मन्हा फोननं व्हतं. ध्यानमाच नही ऱ्हायनं. चार दिनमा वायरवाला माणूस धाडसू."

"आनि ते बंद पडनं तं? कोणाले बलाऊ?"

"त्यालेच बलाव. माय, जमाना बदलना."

"बदलू दे. फोन सुरतमा शे ना? मंग टीवीबी सुरतमाच ऱ्हाऊ दे."

ती गोठ्यात गेली. डिश उचलून पाणी झटकलं. जिन्यावर गुडघे कुरकुरले. तिने लक्ष दिलं नाही. खाली बायांनी जुना टीव्ही ओढून काढला, वायरी जोडल्या.

तापी नदीकडून गार वारा येत होता. यात्रेतले घोडे खिंकाळत होते. तिने डिश रेघेवर धरली.

"ऊनं का वं?"

"नही!"

तिने केसभर सरकवली.

"ऊनं! हालू नको, दगू!"

तिने नट आवळला. मग कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली.

पातळ टीव्ही आता खोक्यात, सुतळीने बांधून ओसरीवर आहे. पुढच्या खेपेला ललितने न्यायचा. नाही नेला, तर टाकीला झाकण हवंच आहे.